पाठ आणि पाठांतर : कुराणाच्या संहितापरंपरेविषयी काही विचार

संस्कृतात ‘पाठान्तर’ म्हणजे निराळा पाठ. एका प्रतीत एक शब्द, दुसऱ्या प्रतीत दुसरा. मराठीत ‘पाठांतर’ म्हणजे मुखोद्गत करणे. जो शब्द एका भाषेत संहितेची अस्थिरता दाखवितो तोच दुसऱ्या भाषेत तिच्या स्थैर्याच्या साधनाचे नाव व्हावा, ही गोष्ट वरवर पाहता गमतीची आहे. परंतु ‘पठ्’ ह्या धातूचा मूळ अर्थ मोठ्याने म्हणणे असा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही अर्थ एकाच खोडाचे फाटे ठरतात. जे मुखाने चालते ते मुखानेच टिकते आणि मुखानेच बदलते. अरबीतील मूळ शब्दही पठण करणे ह्याच अर्थाच्या धातूशी जोडला जातो. मराठीने त्याचे ‘कुराण’ करताना अंत्य नकाराचा णकार केला तो बहुधा ‘पुराण’ ह्या शब्दाच्या शेजारामुळे; आणि पुराण हेही सांगण्या-ऐकण्याचेच वाङ्मय होय.

मराठी अभ्यासकाच्या हाती पाठचिकित्सेची जी साधने आहेत ती मुख्यतः हस्तलिखितांच्या कामातून घडली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेले आणि १९६६ मध्ये पूर्णतेस नेलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य, त्यातील आदिपर्वाला विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९३३ मध्ये जोडलेली प्रस्तावना, आणि सु. मं. कत्रे यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील १९४१ चा ग्रंथ, ह्यांनी ही विद्या आपल्याकडे रुजविली. तिचा पाया असा, की लेखक एक प्रत समोर ठेवतो आणि दुसरी उतरवितो. उतरविताना चुका होतात. समान चुका समान वंश दाखवितात. आणि वंशवृक्षावरून मागे जात जात आदर्शप्रतीचा अंदाज बांधता येतो. हा पाया भक्कम आहे. पण ज्या ग्रंथाची संहिता लेखणी आणि मुख अशा दोन वाटांनी, आणि त्याही एकमेकींवर नजर ठेवून, चालत आली त्याला हा पाया जसाच्या तसा लावला म्हणजे निष्कर्ष वाकडे येऊ लागतात. कुराणाच्या बाबतीत नेमके हेच घडताना दिसते. एक पक्ष म्हणतो, एका बिंदूचाही फरक कधी झाला नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पाठभेद आहेत, त्या अर्थी संहिता विश्वासार्ह नाही. दोन्ही पक्ष ‘पाठ’ ह्या शब्दाचा एकच अर्थ धरून चालतात, आणि दोघांची चूक तेथेच आहे.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला राहत नाही. शहरात मराठी, कन्नड, तेलुगु आणि दखनी-उर्दू ह्या चारही भाषा रोजच्या व्यवहारात कानांवर पडतात. जिल्ह्यातील पंढरपुरी ज्ञानेश्वरीची पारायणे चालतात, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत, आणि रमजानच्या रात्री मशिदींतून संपूर्ण कुराण पुस्तकावाचून म्हटले जाते. पदव्युत्तर वर्गात ह्या तिन्ही परंपरांच्या घरांतून आलेले विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. एकाच्या पोथीला लावलेली कसोटी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावताना ती कसोटी कशासाठी घडली होती हे विसरले, तर त्या बाकावर अन्याय होतो.

प्रथम परंपरेने दिलेला वृत्तान्त थोडक्यात पाहू. महंमद पैगंबर ६३२ मध्ये निवर्तले तेव्हा कुराण अनुयायांच्या मुखात होते आणि कातडे, खजुरीचे देठ, चपटे दगड अशा साहित्यावर विखुरलेले होते. लवकरच यमामाच्या लढाईत अनेक मुखोद्गत करणारे कामास आले. तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांच्याकडून संकलन करविले. पुढे दूरच्या मोहिमांवर वेगवेगळ्या प्रदेशांचे सैनिक पठणावरून आपसांत वाद घालताना आढळले, म्हणून तिसरे खलिफा उस्मान (६४४ ते ६५६) यांनी पुन्हा झैद यांच्याच प्रमुखत्वाखाली संहिता निश्चित करविली, तिच्या प्रती प्रमुख नगरांस धाडल्या आणि इतर लेख जाळण्याची आज्ञा दिली. हा वृत्तान्त सर्वपरिचित आहे. त्यातील एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. वाद लेखनावरून उत्पन्न झाला नव्हता, पठणावरून झाला होता. आणि त्यावर उपाय योजला तो लेखनाचा.

हे लेखन तरी कसे होते? त्या काळच्या अरबी लिपीत बिंदू क्वचितच देत आणि ऱ्हस्व स्वर मुळीच लिहीत नसत. त्यामुळे ब, त आणि ‘से’ ह्या वर्णांची आकृती एकच होती. शब्दाच्या मध्ये न आणि य हेही त्याच दातासारख्या लहान उभ्या रेघेने दाखविले जात. ह्या बिंदुहीन व्यंजनरेखेला अरबीत ‘रस्म’ म्हणतात. मोडी वाचणाऱ्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळलेला नसतो, आधी ओढून घेतलेल्या शिरोरेघेखाली शब्द एकमेकांत मिसळून लिहिलेले असतात, आणि तरीही पेशवे दफ्तरातील कारकून पत्र झरझर वाचीत असे. कारण पत्रात काय असू शकते हे त्याच्या कानाला आधीच ठाऊक असे. मोडी ज्याला भाषा येते त्याच्यासाठी आहे. रस्म तर त्याहून पुढे जाऊन ज्याला ग्रंथ येतो त्याच्यासाठी होती. ‘एका बिंदूचाही फरक नाही’ हे म्हणणे ह्यामुळेच चुकीच्या ठिकाणी अभिमान ठेवते. आरंभीच्या प्रतींत बिंदूच विरळ होते. स्वरांची चिन्हे आज आहेत त्या रूपात येण्यास आठव्या शतकातील वैयाकरण खलील बिन अहमद यांच्यापर्यंत वाट पाहावी लागली. जे जपले गेले ते बिंदूंच्या आधारे जपले गेले नाही, आणि हीच त्या परंपरेची खरी विशेषता आहे.

आता लेखणीने काय जपले ते पाहावे. कुराणात ‘देवाची कृपा’ ह्या अर्थाचा ‘निअमत’ (मराठीतही ‘न्यामत’ ह्या रूपाने आलेला) हा शब्द देवाच्या नावाला जोडून अनेक वेळा येतो. त्याचा अंत्य वर्ण काही ठिकाणी एका तऱ्हेने तर काही ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला आहे. पुढील शब्दाशी जोडून म्हणताना ह्या दोन लेखनांत उच्चाराचा काहीही भेद नाही. व्याकरणाचा म्हणावा तर तोही नाही. २०१९ मध्ये मारेन व्हॅन पुटेन ह्या डच भाषाशास्त्रज्ञाने डझनाहून अधिक अतिप्राचीन प्रती ताडून असे दाखविले, की कोणत्या ठिकाणी कोणते लेखन हे सर्व प्रतींत जवळजवळ अचूक जुळते. कानाला हा भेद ऐकूच येत नाही, त्या अर्थी तो कानाने वाहून आणलेला असू शकत नाही. ह्या सर्व प्रती एकाच लिखित आदर्शावरून, डोळा ठेवून, उतरविलेल्या आहेत. इतक्या क्षुल्लक लेखनविशेषाने इतका मोठा प्रश्न सुटावा हे पाठचिकित्सेच्या इतिहासात नवे नाही. क्षुल्लक म्हणूनच कोणी त्यात हात घातला नाही, आणि म्हणूनच ते साक्षीला उभे राहू शकले.

दुसरा पुरावा नगरोनगरीच्या प्रतींचा. मदीना, सीरिया, बसरा आणि कूफा येथील प्रतींत काही थोडे फरक होते आणि ते जुन्या मुस्लिम पंडितांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहेत. फरक बहुतेक एकेका अक्षराचे आहेत. तिसऱ्या सूरेतील १३३ व्या आयतीच्या आरंभी इराकी प्रतींत ‘व’ आहे, मदीना व सीरिया येथील प्रतींत तो नाही. (मराठीतील उभयान्वयी ‘व’ हाही फार्सीमार्गे आलेला त्याच ‘व’चा वंशज मानला जातो, हे एकाक्षरी अव्यय असल्या-नसल्याने अर्थात किती थोडा फरक पडतो ते मराठी वाचकाला सांगणे नको.) मायकेल कुक यांनी २००४ मध्ये ह्या नोंदींचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा फरकांची वाटणी सरमिसळ न होता फांद्यांनुसार पडते असे दिसून आले. नंतरच्या काळात कोणी बसून असे फरक रचले असते तर ते इतके शिस्तीने फांद्यांवर बसले नसते. तेव्हा पाठभेद आहेत म्हणून संहिता अविश्वसनीय, हे अनुमान येथे उलटे पडते. ह्या पाठभेदांमुळेच एक मूळ आदर्श होता ही गोष्ट अधिक बळकट होते. सुखठणकरांच्या शाळेत तयार झालेल्याला ह्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

इतर दोन शोधांचा गवगवा अधिक झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातील दोन पत्रांच्या कातड्याचा किरणोत्सर्गी कार्बनाने काढलेला काल ५६८ ते ६४५ असा २०१५ मध्ये जाहीर झाला. हा काल कातड्याचा आहे, शाईचा नव्हे, हे वृत्तपत्रांनी पुरेसे सांगितले नाही. तरी संहिता अतिप्राचीन असल्याला त्याने पुष्टी मिळते हे खरे. येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीत १९७२ मध्ये जुन्या पत्रांचा जो साठा सापडला त्यातील एक प्रत अधिक बोधप्रद आहे. तिच्यावरील पहिले लेखन धुऊन त्यावर उस्मानी संहिता लिहिली आहे. खालचे लेखन आधुनिक साधनांनी वाचता येते आणि ते उस्मानी संहितेहून काहीसे निराळे आहे. सूरांचा क्रम वेगळा, कोठे एखादा शब्द अधिक, कोठे समानार्थी शब्द. इब्न मसऊद, उबय्य ह्या पैगंबरांच्या सहचरांच्या प्रती निराळ्या होत्या असे परंपरा सांगतच आली होती; तशी एक प्रत आता प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आहे. म्हणजे उस्मान यांनी निवड केली ती खरोखरीच्या विविधतेतून. श्रद्धावानाने हे मानल्याने त्याच्या श्रद्धेला बाध येत नाही, कारण त्याच्याच ग्रंथांनी ते आधी मानले आहे. चिकित्सकानेही त्या खालच्या लेखनात निराळेच कुराण सापडल्याचा आव आणू नये. ते निराळे मुखांतर आहे.

ह्यापुढे मुखाचा भाग येतो. पहिल्याच सूरेत तीन अक्षरांचा एक शब्द आहे, तो कोणी ‘मालिक’ असा दीर्घ म्हणतात, कोणी ‘मलिक’ असा ऱ्हस्व. पहिल्याचा अर्थ स्वामी, दुसऱ्याचा राजा. मराठीने दोन्ही शब्द घेतले आहेत. रस्म दोहोंची एकच. मग म्हणणाऱ्याने कोणता उच्चार करावा? अर्थाला शोभेल तो, की व्याकरणाला पटेल तो? ह्या प्रश्नाचा निवाडा दहाव्या शतकात बगदाद येथे दोन खटल्यांनी झाला, आणि ह्या विषयावरील कोणतेही तात्त्विक विवेचन त्या दोन खटल्यांइतके स्पष्ट नाही.

पहिला खटला इब्न मिक्सम यांच्यावर ९३४ मध्ये चालला. त्यांचे मत असे, की रस्मेत बसणारा आणि अरबी व्याकरणाला धरून असणारा कोणताही उच्चार ग्राह्य मानावा, मग तो कोणा गुरूकडून ऐकलेला असो वा नसो. ते उत्तम वैयाकरण होते आणि आजच्या एखाद्या विद्यापीठात त्यांचे मत चिकित्सक म्हणून वाखाणले गेले असते. त्यांना ते मागे घ्यावे लागले. दुसरा खटला पुढच्याच वर्षी, ९३५ मध्ये, इब्न शनबूझ यांच्यावर झाला. त्यांची बाजू नेमकी उलट होती. ते जे म्हणत ते जुन्या सहचरांच्या परंपरेने आलेले होते, परंतु उस्मानी रस्मेत बसत नव्हते. त्यांना फटके मारण्यात आले आणि त्यांच्याकडूनही माघार लिहून घेण्यात आली. निवाड्याच्या जागी वजीर इब्न मुक्ला होते, जे अरबी सुलेखनाच्या इतिहासात अक्षरांची प्रमाणे बांधून देणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. लेखणीचा असा धनी मुखाच्या वादात न्यायासनावर असावा ही इतिहासाची चोखंदळ निवड म्हणावी. दोन्ही खटल्यांमागे इब्न मुजाहिद (मृत्यू ९३६) होते, ज्यांनी सात पठणे प्रमाण म्हणून ग्रथित केली.

शिक्षेचा प्रकार आजच्या मनाला रुचणार नाही, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारणही नाही. पण तत्त्व पाहावे. एकाजवळ लेख होता, गुरुमुख नव्हते. दुसऱ्याजवळ गुरुमुख होते, लेख नव्हता. दोघेही अपुरे ठरले. पुढे इब्नुल जझरी (मृत्यू १४२९) यांनी दहा पठणांचे शास्त्र बांधले तेव्हा हीच अट स्पष्ट केली: अरबी भाषेशी अनुरूपता, उस्मानी लेखाशी मेळ, आणि अखंड गुरुपरंपरा. ह्या परंपरेच्या दाखल्याला ‘सनद’ आणि शिकविण्याच्या अधिकाराला ‘इजाजत’ म्हणतात. मराठीत सनद म्हणजे वतनाचा कागद. मूळ अर्थ मात्र टेकू किंवा आधार असा आहे, आणि येथे तो आधार माणसांच्या मालिकेचा आहे, कागदाचा नाही. अशा व्यवस्थेत मालिक आणि मलिक हे दोन उच्चार ‘पाठभेद’ ह्या शब्दाने सांगणे म्हणजे कारकुनाच्या चुकीशी त्यांना एका पंक्तीस बसविणे होय. ते मान्य केलेले अनेकत्व आहे. वैदिकांच्या शाखांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

वैदिकांची तुलना निघालीच तर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. जटा, घन ह्या विकृतींत शब्द पुढेमागे फिरवून म्हटले जातात. संहितेचे रक्षण पठणाच्या रचनेतच गुंफलेले असते. कुराणाच्या पठणात असे काही नाही. तेथे रक्षण होते ते श्रोत्यांकडून. सोलापुरात किंवा कोठेही रमजानच्या रात्री तरावीहच्या वीस रकअतींत हाफिज पुस्तकावाचून म्हणत जातो आणि बहुधा सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत ग्रंथ पुरा होतो. त्याच्या मागे पहिल्या ओळीत दुसरा हाफिज उभा असतो तो केवळ ऐकण्यासाठी. पुढचा अडखळला किंवा वाट चुकला की मागचा पुढील शब्द मोठ्याने उच्चारतो. ह्या क्रियेला ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. विसरलेला शब्द तोंडात भरविला जातो, ही कल्पना मराठी घरातही परकी वाटू नये. मदरशातील रोजचा क्रमही याच धोरणाचा आहे: नवा ‘सबक’, त्याच्या मागचा ताजा भाग, आणि जुन्या पाठाची ‘आमुख्ता’ म्हणून फेरउजळणी, शिवाय दोघांनी एकमेकांना ऐकविण्याचा ‘दौर’. ‘हिफ्ज’ म्हणजे पाठ करणे आणि ‘हिफाजत’ म्हणजे रक्षण, हे एकाच धातूचे शब्द आहेत.

ह्या मुखपरंपरेच्या चुकाही निराळ्या जातीच्या असतात आणि भाषाशास्त्रज्ञाने त्यांची स्वतंत्र वर्गवारी करणे अगत्याचे आहे. लेखकाचा डोळा एका शब्दावरून खालच्या ओळीतील त्याच शब्दावर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. हाफिजाची जीभही उडी मारते, पण ओळीवरून नव्हे. एका सूरेतील आयतीवरून दूरच्या दुसऱ्या सूरेतील तिच्यासारख्या आयतीवर ती जाते आणि तेथूनच पुढे चालू लागते. अशा सारख्या आयतींना ‘मुतशाबेह’ म्हणतात आणि त्या ओळखून ठेवणे हा हिफ्जच्या शिक्षणाचा कष्टाचा भाग असतो. डोळ्याच्या चुकीने मजकूर गळतो, स्मृतीच्या चुकीने तो सांधा बदलतो. सनाच्या प्रतीतील खालच्या लेखनात दिसणारे समानार्थी शब्द आणि लहान भर हे ह्या दुसऱ्या जातीचे आहेत, हे ओळखले म्हणजे ते लेखन श्रवणावर आधारलेल्या काळाची खूण आहे असे मानण्यास जागा होते.

तुकारामांच्या गाथेकडे पाहणाऱ्याला हे भेद नवे वाटणार नाहीत. कीर्तनकाराच्या मुखात दोन अभंगांची चरणे एकमेकांत जातात, एकाची नाममुद्रा दुसऱ्याला लागते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ व १८७३ मध्ये साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा दोन भागांत छापली, तेव्हा त्यांच्यापुढे वह्या होत्या तशी मुखेही होती. परंतु मागे उभा राहून घास भरविणारा अधिकृत श्रोता कीर्तनाच्या परंपरेत नव्हता. तेथे रसवृत्तीने केलेला बदल दोष न ठरता कौशल्य ठरे. मुखपरंपरा म्हणजे आपोआप शुद्ध किंवा आपोआप भ्रष्ट, असा सामान्य नियम म्हणूनच करता येत नाही. ऐकणाऱ्याला थांबविण्याचा अधिकार आहे की नाही, यावर सर्व अवलंबून असते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ‘त्यांनी उस्मानांचेच काम केले’ असे विधान वर्गात ऐकू येते. साम्य आहे, पण ते वरचे आहे. दोघांसमोर भिन्न पाठ होते, दोघांनी एक निश्चित केला, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये अशी दोघांची इच्छा होती. एकनाथांनी तर ओवीबद्ध इशारा देऊन ठेवला. परंतु एकनाथांच्या हाती सत्ता नव्हती. निराळ्या परंपरेच्या पोथ्या लोकांच्या देव्हाऱ्यांत राहिल्या, उतरविल्या जात राहिल्या, आणि म्हणूनच वि. का. राजवाडे यांना १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत पुढे करता आली. तिच्या प्राचीनतेविषयी त्यांनी केलेला दावा सर्वांना मान्य झाला नाही, ही गोष्ट वेगळी. दावा करण्याजोगे साहित्य शिल्लक होते हे महत्त्वाचे. उस्मान यांच्या आज्ञेने असे साहित्य जवळजवळ संपले. अभ्यासकाला त्याची हळहळ वाटणारच, आणि ती लपविण्याचे कारण नाही. मात्र ज्यांनी पठणावरून तलवारी निघण्याची वेळ पाहिली होती त्यांच्यापुढे अभ्यासकाची सोय हा प्रश्न नव्हता. शिवाय एकनाथांच्या पाठीशी ज्ञानेश्वरी संपूर्ण मुखोद्गत असणाऱ्यांचा, एकमेकांना दाखला देणारा वर्ग नव्हता. त्यांचे काम एका व्युत्पन्न पुरुषाने पोथ्यांवर केलेले काम आहे. त्याची थोरवी ह्या एकाकीपणातच अधिक आहे. त्याला दुसऱ्याच्या मापाने मोजून ती वाढत नाही.

छपाईने ह्या दोन वाटांच्या समतोलाला धक्का दिला, आणि त्याची मीमांसा अजून पुरेशी झालेली नाही. कूफा येथील आसिम (मृत्यू ७४५) यांचे पठण त्यांचे शिष्य हफ्स (मृत्यू ७९६) यांच्या परंपरेने भारतात रूढ आहे. कैरो येथे १९२४ मध्ये निघालेल्या आवृत्तीनेही हेच पठण घेतले, आणि तिच्या प्रसारामुळे जगातील फार मोठ्या भागात आज हेच एक ऐकू येते; उत्तर व पश्चिम आफ्रिकेत वर्श यांचे पठण टिकून आहे. कैरोच्या आवृत्तीची एक गोष्ट पाश्चात्त्य पंडितांना खटकली. तिच्या संपादकांनी जुनी हस्तलिखिते ताडली नाहीत. रस्मेविषयीच्या शास्त्रग्रंथांवरून आणि पठणपरंपरेवरून संहिता सिद्ध केली. महाभारताच्या संपादकाने असे केले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. परंतु दीर्घ स्वरासाठी अलिफ लिहिण्या-न लिहिण्याचे फरक वगळले, तर प्राचीन प्रतींची रस्म तिच्याशी फार मोठ्या प्रमाणात जुळते. पद्धत चुकीची आणि फळ बरोबर, असे म्हणण्यापेक्षा ती पद्धत कोणत्या विद्येची आहे ते समजून घेणे उचित.

भारतातील छापील कुराण कैरोच्या वाटेने गेले नाही. मुंबई, लखनौ, दिल्ली येथील शिळाछापखान्यांनी सुलेखकाचा हात जसाच्या तसा दगडावर उतरविला. लखनौस १८५८ मध्ये आपला छापखाना काढणारे मुनशी नवल किशोर हे हिंदू गृहस्थ ह्या कामात अग्रेसर होते. ह्या प्रतींत विरामचिन्हांची जी दाट पेरणी दिसते ती बाराव्या शतकातील सजावंदी यांच्या पद्धतीची आहे, आणि समासात ऐनचे अक्षर घालून रुकूअ दाखविण्याची रीत अरबी प्रतींत आढळत नाही. अरब देशातून आणलेली प्रत हाती घेऊन येथील वाचक क्षणभर थबकतो ते ह्या चिन्हांच्या अभावामुळे. ज्यांची मातृभाषा अरबी नाही त्यांच्यासाठी लेखणीने मुखाचे थोडे अधिक काम अंगावर घेतले, असा ह्याचा अर्थ लावता येतो. सोलापूरपासून शंभर किलोमीटरांवर विजापुरास इब्राहीम रोजाच्या भिंतींवर आणि जाळ्यांवर नेमकी उलट टोकाची अवस्था दिसते. तेथील अक्षरे एकमेकांत इतकी गुंफली आहेत, की ज्याला आयत पाठ आहे त्यालाच ती वाचता यावी.

आता लेखणीने मुखाचे किती काम घ्यावे, हा प्रश्न मराठी माध्यमात शिकलेल्या मुस्लिम घरांत पुन्हा उभा राहिला आहे. ज्यांना अरबी लिपी येत नाही त्यांच्यासाठी मूळ अरबी शब्द देवनागरीत छापलेली पुस्तके मिळतात. अनेक उलेमांचा त्यांना विरोध असतो, आणि तो पुष्कळांना केवळ लिपीचा दुराग्रह वाटतो. ध्वनिविचाराच्या दृष्टीने पाहता त्यांची तक्रार अगदी खरी आहे. मराठीच्या रूढ देवनागरीत, नुक्त्यावाचून लिहिताना, से, सीन व स्वाद ह्या तिहींचा एक ‘स’ होतो. जीम, जाल, जे, ज्वाद आणि जोय ह्या पाचांचा एक ‘ज’ होतो. ते व तोय मिळून ‘त’, अलिफ व ऐन मिळून ‘अ’; आणि दोन ‘हे’, दोन ‘काफ’ तर असे, की देवनागरीत त्यांची नावेही वेगळी लिहिता येत नाहीत. हृदय ह्या अर्थाचा शब्द आणि कुत्रा ह्या अर्थाचा शब्द, दोन्ही ‘कल्ब’ असेच उतरतात. अरबीचे २८ वर्ण देवनागरीच्या १८ अक्षरांत कोंबले जातात.

येथे एक गोष्ट मांडण्याजोगी आहे. जुन्या बिंदुहीन रस्मेतही शब्दान्ती आकृती १८ च होत्या, आणि शब्दमध्यात त्याहूनही कमी, १५. संख्येचा मेळ हा योगायोग आहे. परंतु कोणते वर्ण कोठे मिसळतात हे ताडून पाहिले तर दोन्ही लिपींत मिळून एकही जोडी समान निघत नाही. रस्मेत जीम, हे, खे एक होत. देवनागरीत ते ज, ह, ख असे वेगळे राहतात. रस्मेत तोय व जोय एक होत. देवनागरीत त आणि ज. उलट देवनागरीत एक झालेले सीन व स्वाद, किंवा दोन काफ, रस्मेत स्पष्ट निराळे. शब्दमध्यातील ब, त, से, न, य ह्या पाचांची एकच उभी रेघ, ती देवनागरीत पाच अक्षरे होऊन बसते; आणि ऱ्हस्व स्वर, जे रस्मेत मुळीच नव्हते, तेही देवनागरीत उमटतात. मालिक आणि मलिक यांतील भेद जो प्राचीन प्रतीला लिहिता आला नाही तो बालबोध अक्षरांत एका काना-मात्रेने लिहिला जातो. म्हणजे सातव्या शतकातील कातडे आणि ही आजची चोपडी शेजारी ठेवली, तर प्रत्येक अपुरी असूनही दोघी मिळून प्रत्येक वर्ण निश्चित करू शकतात.

चोपडीजवळ मात्र ते कातडे नसते. तिच्याजवळ असतो तो मक्तबमधील उस्ताद, जो मुलाच्या तोंडातून निघालेला पहिला ‘काफ’ ऐकताच त्याला थांबवितो आणि तोच वर्ण घशाच्या अधिक मागून पुन्हा म्हणवून घेतो.